गर्दीतील वाय-फाय : सामायिक अवकाशातील जोडणी-व्यवस्थापनाचा ऐतिहासिक अभ्यास (१९७१ ते २०२५)

सारांश

वाय-फाय तंत्रज्ञानाचा इतिहास बहुधा वाढत्या वेगाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. प्रस्तुत लेखात तो पाळीचा इतिहास म्हणून मांडला आहे. एकाच सभागृहात, ग्रंथालयात किंवा रेल्वे स्थानकावर शेकडो उपकरणे एकाच वेळी ‘बोलू’ लागली की कोणी केव्हा बोलावे आणि हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न हवाई बेटांवरील १९७१ च्या प्रयोगापासून आजतागायत कायम आहे. सॅन फ्रान्सिस्को येथील २०१० ची एक सभा, नॅशव्हिल येथील एका हॉटेलासंबंधीचा २०१४ चा निर्णय आणि भारतातील २००८ नंतरचे नियमन यांच्या आधारे या प्रश्नाचा मागोवा घेतला आहे.

बीजसंज्ञा : वाय-फाय, ॲक्सेस पॉइंट, परवानामुक्त वारंवारिता, सामायिक साधनसंपत्ती, सार्वजनिक अवकाश

प्रस्तावना

७ जून २०१० रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील मॉस्कोनी केंद्रात ॲपल कंपनीचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांनी आयफोन-४ हा नवा दूरध्वनी जगापुढे ठेवला. जुना आणि नवा असे दोन फोन शेजारी शेजारी ठेवून न्यूयॉर्क टाइम्स या वृत्तपत्राचे मुखपृष्ठ उघडून दाखवावयाचे, एवढाच त्या प्रात्यक्षिकाचा भाग होता. नव्या फोनवर पान उघडेना. जगभरचे पत्रकार समोर बसलेले असताना प्रात्यक्षिक अर्धवट सोडावे लागले. काही वेळाने जॉब्स यांनीच कारण सांगितले : या सभागृहात वाय-फायची ५७० केंद्रे चालू आहेत. त्यांनी श्रोत्यांना आपापले संगणक मिटून जमिनीवर ठेवण्याची आणि वाय-फाय बंद करण्याची विनंती केली. दुसऱ्या कोणत्याही यंत्राच्या बाबतीत निर्मात्याला श्रोत्यांकडे ‘कृपया शांतता राखा’ असे म्हणण्याची वेळ क्वचितच आली असेल.

हा प्रसंग एक गमतीदार फजिती म्हणून पुष्कळदा सांगितला गेला आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व वेगळे आहे. ही ५७० केंद्रे सभागृहाच्या चालकांनी बसविलेली नव्हती. त्यांतील बहुसंख्य श्रोत्यांच्या खिशातील व पिशवीतील छोटी उपकरणे होती. मोबाइल सेवेकडून आंतरजाल घ्यावयाचे आणि ते वाय-फायने आपल्या संगणकाला पुरवावयाचे, हे त्या उपकरणांचे काम. सार्वजनिक वाय-फाय गर्दीत कोलमडते हा अनुभव असलेल्या माणसांनी आपापली सोय केली होती. प्रत्येकाचा निर्णय स्वतःपुरता शहाणपणाचा होता. सर्वांचे निर्णय एकत्र आल्यावर मात्र कोणाचेच चालेना.

यामागे किती साधे अंकगणित आहे ते पाहण्यासारखे आहे. वाय-फायचे प्रत्येक केंद्र ‘मी येथे आहे’ अशी दवंडी सेकंदाला सुमारे दहा वेळा पिटत असते. ही दवंडी सर्वांत जुन्या उपकरणालाही ऐकू यावी म्हणून ती बहुधा सर्वांत कमी वेगाने, म्हणजे सेकंदाला १ मेगाबिट या गतीने दिली जाते. एक दवंडी २०० बाइटची धरली तर तिला पावणेदोन मिलिसेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात परस्परांना न छेदणाऱ्या वाहिन्या तीनच (१, ६ आणि ११). सर्व केंद्रे याच पट्ट्यात असून एकमेकांच्या आवाक्यात आहेत आणि तीन वाहिन्यांत सारखी वाटली गेली आहेत असे मानले, तर एका वाहिनीवर १९० केंद्रे येतात. त्यांच्या केवळ दवंड्यांनाच दर सेकंदाला ३,००० मिलिसेकंदांहून अधिक वेळ हवा, आणि सेकंदात मिलिसेकंद असतात १,०००. म्हणजे एका अक्षराचीही देवाणघेवाण होण्यापूर्वी हवा तिपटीने भरलेली होती. आयफोन-४ हा फोन फक्त याच पट्ट्यात काम करीत असे. त्यामुळे त्याला पळून जायलाही जागा नव्हती.

न ऐकता बोलणारी बेटे

गर्दीतील वाय-फायचा इतिहास वाय-फायच्या जन्माआधी सुरू होतो. १९७१ च्या जूनमध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रॅम्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अलोहानेट ही बिनतारी संगणक-जोडणी कार्यान्वित केली. विद्यापीठाचा मोठा संगणक ओआहू बेटावर होता, तर त्याचे संभाव्य उपयोगकर्ते निरनिराळ्या बेटांवर विखुरलेले. सर्वांना मिळून संगणकाकडे जाणारी रेडिओ-वाहिनी एकच होती. प्रत्येकाला स्वतंत्र वाहिनी देणे किंवा प्रत्येकाला ठरावीक वेळ वाटून देणे हा त्या काळचा रूढ मार्ग होता. अब्रॅम्सन यांनी तो सोडला. ज्याला जेव्हा सांगावयाचे आहे त्याने तेव्हा सांगावे, मुख्य केंद्राकडून पोच आली नाही तर टक्कर झाली असे समजावे आणि थोडे थांबून पुन्हा सांगावे, असा त्यांचा नियम होता. हे ‘थोडे थांबणे’ प्रत्येकाने आपल्या मनाने, यदृच्छेने निवडावयाचे होते. टक्कर झालेले दोघेही सारखाच वेळ थांबले तर पुन्हा टक्कर अटळ, म्हणून ही यदृच्छा हाच त्या योजनेचा प्राण होता. हवाईतील लोककथांत रात्री गुपचूप कामे उरकणाऱ्या बुटक्या लोकांना मेनेहुने म्हणतात. मुख्य केंद्रातील यंत्राला तेच नाव देण्यात आले होते.

या स्वातंत्र्याची किंमत होती. गणित असे सांगते की, या पद्धतीत वाहिनीच्या क्षमतेपैकी जास्तीत जास्त १८.४ टक्के भागच उपयोगी पडतो. सर्वांनी ठरावीक ठोक्यालाच बोलणे सुरू करावे अशी सुधारणा १९७२ मध्ये लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी सुचविली, तेव्हा ही मर्यादा दुप्पट म्हणजे ३६.८ टक्के झाली. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, गर्दी या मर्यादेपलीकडे वाढली तर उपयोगी काम स्थिर राहत नाही, ते घटत जाते. जितके अधिक लोक पुन्हा पुन्हा सांगू पाहतात तितक्या टक्करी वाढतात.

पुढची पायरी ‘आधी ऐका, मग बोला’ ही होती. झेरॉक्स कंपनीच्या पालो अल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी अब्रॅम्सन यांच्या कार्याच्या आधारे मे १९७३ मध्ये इथरनेटची कल्पना मांडली. तारेवर हे सोपे होते, कारण बोलत असतानाच टक्कर झाल्याचे कळते व थांबता येते. हवेत ते शक्य नाही. स्वतःच्या प्रक्षेपणाच्या गोंगाटात प्रक्षेपकाला दुसऱ्याचा क्षीण आवाज ऐकू येत नाही. शिवाय १९७५ मध्ये फुआद तोबागी आणि लिओनार्ड क्लाइनरॉक यांनी आणखी एक अडचण दाखवून दिली. तिला ‘लपलेल्या स्थानकाची समस्या’ म्हणतात. उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाशी आतल्या खोलीतला एक आणि ओसरीवरचा एक असे दोघे एकाच वेळी बोलू लागतात. दोघांनाही एकमेकांचा आवाज येत नाही, म्हणून दोघेही नियम पाळूनच बोलत असतात. उंबरठ्यावरच्याला मात्र काहीच कळत नाही. १९९० मध्ये फिल कार्न या हौशी रेडिओ-क्षेत्रातील अभियंत्याने यावर उपाय सुचविला. बोलण्यापूर्वी लहानशी परवानगी मागावी, उंबरठ्यावरच्याने ‘बोला’ असे मोठ्याने म्हणावे, म्हणजे ते दोघांनाही ऐकू जाईल. वाय-फायच्या मानकात हा उपाय पुढे समाविष्ट झाला.

टाकाऊ पट्टा आणि परवानामुक्ती

तंत्र सिद्ध असले तरी हवा मोकळी नव्हती. विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकातील रेडिओच्या गोंधळातून बहुतेक सर्व देशांत परवाना-पद्धती आली होती. वारंवारितेचा पट्टा म्हणजे जणू सातबारावर नोंदलेली जमीन, आणि बिनपरवाना प्रक्षेपण म्हणजे अतिक्रमण, ही धारणा पक्की झाली होती. (मराठी वृत्तपत्रांत ‘स्पेक्ट्रम’साठी ‘ध्वनिलहरी’ हा शब्द दीर्घकाळ रूढ झाला. तो शास्त्रदृष्ट्या चुकीचा आहे, कारण या लहरी विद्युतचुंबकीय असून ध्वनीशी त्यांचा संबंध नाही.) या जमिनीत एक पडीक तुकडा होता. १९४७ च्या अटलांटिक सिटी येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत काही पट्टे औद्योगिक, वैज्ञानिक व वैद्यकीय यंत्रांसाठी राखून ठेवण्यात आले. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा त्यांपैकी एक. स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टी याच पट्ट्यात चालते. तेथे संदेशवहन करणाऱ्याला संरक्षण नसल्याने त्याला टाकाऊ मानले जाई.

९ मे १९८५ रोजी अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने, म्हणजेच एफसीसीने, या टाकाऊ पट्ट्यांत विस्तारित-वर्णपट तंत्राने परवान्याशिवाय संदेशवहन करण्यास मुभा दिली. आयोगातील अभियंते मायकेल मार्कस यांचा या निर्णयामागे मोठा वाटा होता. अटी दोनच : शक्तीची मर्यादा पाळावी आणि दुसऱ्याचा व्यत्यय निमूटपणे सोसावा. वाय-फायच्या इतिहासात तांत्रिक शोधांपेक्षा हा प्रशासकीय निर्णय अधिक पायाभूत होता, असे निःसंकोचपणे म्हणता येईल. त्यानंतर पाच वर्षांनी, १९९० मध्ये, मानक ठरविणारी आयईईईची ८०२.११ समिती स्थापन झाली. नेदरलँड्समधील एनसीआर कंपनीचे व्हिक्टर हेज हे तिचे पहिले अध्यक्ष होते आणि त्यांनी दहा वर्षे हे पद सांभाळले. दुकानातील रोकड-यंत्रे तारेवाचून जोडता यावीत, ही त्या कंपनीची मूळची साधी व्यापारी गरज होती. १९९७ मध्ये पहिले मानक संमत झाले, १९९९ मध्ये ११ मेगाबिट गतीची सुधारित आवृत्ती आली आणि त्याच वर्षी ‘वाय-फाय’ हे व्यापारी नाव रूढ झाले.

१९९७ च्या या मानकात पाळी ठरविण्याच्या दोन पद्धती होत्या, ही बाब सहसा नजरेआड होते. पहिली विकेंद्रित : प्रत्येकाने ऐकावे, हवा मोकळी झाल्यावर यदृच्छेने निवडलेल्या आकड्यापासून उलटी मोजणी करावी, शून्य आल्यावर बोलावे आणि अपयश आल्यास आकड्याची कक्षा दुप्पट करावी. दुसरी केंद्रित व ऐच्छिक : ॲक्सेस पॉइंटने वर्गशिक्षकाप्रमाणे एकेकाचे नाव पुकारून त्याला बोलू द्यावे. उत्पादकांनी पहिली पद्धत उचलली, दुसरी जवळजवळ कोणीच अमलात आणली नाही. घरात चार उपकरणे असताना नाव पुकारण्याची गरजच काय? वाय-फायचा स्वभाव अशा रीतीने घराच्या मापाने घडला, आणि पुढे त्याला सभागृहात नेऊन बसविण्यात आले.

ॲक्सेस पॉइंटचे मर्यादित अधिकार

गर्दीतील अडचणी समजून घ्यायच्या तर ॲक्सेस पॉइंटला काय करता येत नाही हे पाहणे अधिक उद्बोधक ठरते. मोबाइल सेवेत कोणता फोन कोणत्या मनोऱ्याशी जोडावा हे सेवा देणारी कंपनी ठरविते. वाय-फायच्या मानकात हा निर्णय उपकरणाकडे दिला आहे. विद्यार्थी ग्रंथालयाच्या दारातून आत येतो तेव्हा त्याचा फोन दारावरच्या ॲक्सेस पॉइंटला जोडला जातो. तो चाळीस पावले चालून वाचनकक्षात जाऊन बसतो, तेथे डोक्यावरच दुसरा ॲक्सेस पॉइंट असतो, तरी फोन जुनी जोडणी सोडत नाही. दूरवरून क्षीण झालेल्या संदेशासाठी त्याला गती कमी करावी लागते. गती कमी म्हणजे तेवढाच मजकूर सांगायला अधिक वेळ, आणि तो वेळ सर्वांच्या वाट्यातून जातो.

याचे नेमके विवेचन २००३ मध्ये मार्टिन ह्यूस आणि अन्य फ्रेंच संशोधकांनी केले. पाळी सर्वांना सारख्या संख्येने मिळते, परंतु पाळीची लांबी सारखी नसते. त्यामुळे १ मेगाबिटने बोलणारे एकच उपकरण ११ मेगाबिटने बोलू शकणाऱ्या सर्वांना आपल्या पातळीवर खाली ओढते. नियमाने दिलेली समानता व्यवहारात अन्याय्य ठरते, असा हा निष्कर्ष आहे. मार्च २००५ मध्ये मिनियापोलिस येथे आयईटीएफ या आंतरजालाची मानके ठरविणाऱ्या संस्थेची ६२ वी सभा भरली होती. त्या सभेतील वाय-फायच्या नोंदींचा अभ्यास जार्दोश व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला, तेव्हा याच प्रकाराचे मोठे चित्र समोर आले. गर्दीमुळे टक्कर झाली की उपकरणांना वाटे, संदेश क्षीण आहे. म्हणून ती गती कमी करीत. त्यामुळे हवा अधिक वेळ व्यापली जाई आणि टक्करी आणखी वाढत. आंतरजालाचे नियम लिहिणारे तज्ज्ञच ज्या सभागृहात बसले होते तेथील ही स्थिती होती.

यावरचे उपाय प्रयोगातून व कधी अपघाताने सापडत गेले. पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठात ॲलेक्स हिल्स यांनी १९९३ मध्ये ‘वायरलेस अँड्र्यू’ हा प्रकल्प सुरू केला. विद्यापीठाचा मोठा परिसर बिनतारी जाळ्याखाली आणण्याच्या आरंभीच्या प्रयत्नांत त्याची गणना होते. त्या काळी मुख्य चिंता व्याप्तीची होती. एकही कोपरा सुटू नये म्हणून शक्ती वाढवावी, असा विचार असे. गर्दीच्या काळात हा विचार उलटा करावा लागला. ॲक्सेस पॉइंटची संख्या वाढवावी, पण प्रत्येकाचा आवाज कमी करावा, म्हणजे एकच वाहिनी थोड्या अंतरावर पुन्हा वापरता येते. सर्वांत कमी गती बंद करून टाकाव्यात, म्हणजे दूरचे उपकरण आपोआप जवळच्या केंद्राकडे वळते आणि दवंडीचा वेळही वाचतो. २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातील सांता क्लारा येथे उघडलेल्या, सुमारे ६८,५०० आसनांच्या लिव्हाइज क्रीडांगणात सुमारे १,२०० ॲक्सेस पॉइंट बसविले गेले, त्यांतील पुष्कळसे खुर्च्यांखाली. मानवी शरीरातील पाणी या लहरी शोषून घेते. जी गर्दी ही अडचण होती, तीच येथे दोन ॲक्सेस पॉइंटांमधील भिंत म्हणून वापरली गेली.

दुसरीकडे मानकातही भर पडत गेली. २००८ मधील दोन आणि २०११ मधील एका पुरवणीने ॲक्सेस पॉइंटला शेजारच्या केंद्रांची माहिती उपकरणाला देण्याची, ओळख-तपासणी लवकर उरकण्याची आणि ‘आपण तिकडे जावे’ असे सुचविण्याची सोय झाली. सुचविण्याचीच. ऐकणे न ऐकणे उपकरणाच्या मर्जीवर राहिले.

महाविद्यालयीन वाचकांच्या परिचयाची एक अडचण याहून साधी आहे आणि तिचा हवेशी संबंधच नाही. लहान जाळ्यात बहुधा २५४ पत्ते उपलब्ध असतात आणि प्रत्येक उपकरणाला एक पत्ता ठरावीक मुदतीसाठी दिला जातो. ही मुदत चोवीस तासांची ठेवली तर सकाळच्या सत्रात येऊन गेलेल्या विद्यार्थ्यांचे फोन दुपारपर्यंत सर्व पत्ते अडवून बसतात. दुपारच्या विद्यार्थ्याला खुणेच्या सर्व रेषा भरलेल्या दिसतात, पण जोडणी मिळत नाही. दोष ॲक्सेस पॉइंटला दिला जातो, आणि नवा ॲक्सेस पॉइंट विकत घेतला जातो. मुदत तासाभरावर आणणे हा उपाय फुकटचा आहे, कदाचित म्हणूनच तो खरेदी-समितीपुढे येत नाही.

भिंतीच्या आतील हवा कोणाची?

सॅन फ्रान्सिस्कोच्या सभागृहात बेबंद स्वातंत्र्याची मर्यादा दिसली असेल, तर नॅशव्हिल येथे अधिकाराची मर्यादा दिसली. टेनेसी राज्यातील या शहरात मॅरियट कंपनीकडून चालविले जाणारे गेलॉर्ड ऑप्रिलँड हे मोठे हॉटेल व संमेलन-केंद्र आहे. मार्च २०१३ मध्ये एफसीसीकडे तक्रार आली की, तेथे संमेलनास आलेल्यांची स्वतःची मोबाइल वाय-फाय केंद्रे चालू दिली जात नाहीत. चौकशीत असे निष्पन्न झाले की, हॉटेलचे कर्मचारी देखरेख-यंत्रणेच्या साहाय्याने पाहुण्यांच्या खासगी केंद्रांवरील उपकरणांना ‘जोडणी तुटली’ असे बनावट संदेश पाठवीत होते. वाय-फायच्या मूळ मानकात अशा संदेशावर प्रेषकाची खूण नसते. कोणीही कोणाच्याही नावाने तो पाठवू शकतो आणि उपकरण त्यावर विश्वास ठेवते. (२००९ च्या पुरवणीने ही त्रुटी दूर करण्याची सोय केली, परंतु ती सर्वत्र पसरावयास वेळ लागला.) त्याच वेळी संमेलनातील प्रदर्शकांकडून हॉटेलच्या वाय-फायसाठी एका उपकरणामागे २५० ते १,००० डॉलर आकारले जात होते. ३ ऑक्टोबर २०१४ रोजी कंपनीने ६ लाख डॉलर दंड भरण्याचे मान्य केले.

प्रकरण येथे संपले नाही. हॉटेल व्यवसायाच्या संघटनेने कंपनीसह आयोगाकडे अर्ज केला होता की, स्वतःच्या जागेतील वाय-फायचे व्यवस्थापन करण्याचा हक्क मालकाला असावा, मग त्यात परक्या केंद्रांना व्यत्यय आला तरी चालेल. हा युक्तिवाद सहज झटकून टाकण्याजोगा नाही. बनावट केंद्रे उभारून पाहुण्यांची माहिती चोरली जाऊ शकते, आणि शेकडो खासगी केंद्रे सर्वांचेच कसे बंद पाडतात हे २०१० मध्ये जगाने पाहिले होते. तथापि २५० ते १,००० डॉलरच्या दरपत्रकामुळे या युक्तिवादाचे वजन पुष्कळ कमी झाले. जानेवारी २०१५ मध्ये अर्ज मागे घेण्यात आला आणि त्याच महिन्यात आयोगाने जाहीर सूचना काढली की, वाय-फाय अडविणे १९३४ च्या दळणवळण कायद्याच्या ३३३ व्या कलमाविरुद्ध आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संमेलन-केंद्रांना आंतरजाल पुरविणाऱ्या दुसऱ्या एका कंपनीला याच कारणासाठी साडेसात लाख डॉलर भरावे लागले. छप्पर, खुर्च्या, वीज मालकाची. हवा मात्र नाही, असा या निर्णयांचा अर्थ होतो. येथे १९८५ च्या त्या दोन अटी पुन्हा आठवतात. व्यत्यय सोसावा लागेल, असे त्या म्हणतात. मुद्दाम व्यत्यय आणण्याची मुभा त्या कोणालाही, घरमालकालाही, देत नाहीत.

भारत : पाळीआधी ओळख

भारतात या इतिहासाचा क्रम वेगळा आहे. १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र कायद्यान्वये रेडिओ-उपकरण नुसते बाळगण्यासही परवाना आवश्यक होता. जानेवारी २००५ मधील अधिसूचनेने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त झाला, अमेरिकेनंतर वीस वर्षांनी. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातील ६०५ मेगाहर्ट्झ घराबाहेरील वापरासही मोकळे होण्यास ऑक्टोबर २०१८ उजाडावे लागले. मधल्या काळात गर्दीचा सर्व भार मुख्यतः त्या तीन वाहिन्यांवर होता.

परंतु या मधल्या काळात भारतीय व्यवस्थेला ‘कोणी केव्हा बोलावे’ यापेक्षा ‘बोलणारा कोण’ हा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटला, आणि त्याचे कारण महाराष्ट्रात घडले. जुलै २००८ मध्ये अहमदाबाद येथील बॉम्बस्फोटांच्या वेळी प्रसारमाध्यमांना गेलेला धमकीचा ई-मेल नवी मुंबईतील एका घरातील असुरक्षित वाय-फायवरून पाठविल्याचे आढळले. घरातील भाडेकरू परदेशी नागरिक होता आणि संशयाची सुई प्रथम त्याच्याकडेच वळली. पुढच्याच महिन्यातील दुसऱ्या ई-मेलसाठी मुंबईतील एका महाविद्यालयाचे वाय-फाय वापरले गेले. उघडे वाय-फाय म्हणजे सौजन्य, ही समजूत तेथे संपली. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वाय-फाय सुरक्षित करण्याविषयी व सार्वजनिक ठिकाणी वापरकर्त्याची ओळख नोंदविण्याविषयी सूचना दिल्या. मोबाइल क्रमांक भरून संकेतांक मागविण्याची आज सवयीची झालेली रीत या घटनाक्रमाशी जोडलेली आहे. अनेक महाविद्यालयांत आजही वाय-फायविषयीचे पहिले परिपत्रक शिस्तीचे असते, क्षमतेचे नसते, याचे मूळही काही अंशी येथे शोधता येईल.

जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकावर रेलटेल व गुगल यांची विनामूल्य वाय-फाय सेवा सुरू झाली. जून २०१८ मध्ये आसामातील दिब्रुगढ हे या योजनेतील चारशेवे स्थानक ठरले. फेब्रुवारी २०२० मध्ये गुगलने यातून अंग काढून घेत असल्याचे जाहीर केले, मोबाइल डेटा स्वस्त झाला हे एक कारण त्या वेळी दिले गेले. रेलटेलने सेवा पुढे चालविली. स्थानकाची गर्दी ही सभागृहाच्या गर्दीहून निराळी असते, हे येथे नोंदविणे आवश्यक आहे. सभागृहात माणसे बसलेली असतात. स्थानकात ती वाहत असतात, आणि जोडणी न घेताही खिशातील फोन ओळखीच्या जाळ्याला सतत हाका मारीत जातो. या हाकाही त्याच हवेतून जातात. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पीएम-वाणी योजनेला मंजुरी दिली. चहाच्या टपरीपासून किराणा दुकानापर्यंत कोणालाही परवाना वा नोंदणी शुल्काशिवाय सार्वजनिक वाय-फाय पुरवता यावे, असा तिचा हेतू आहे. एकाच बाजारपेठेत शेजारी शेजारी अशी पन्नास केंद्रे उभी राहिली तर त्यांच्यात वाहिन्यांची वाटणी कोण करणार? योजनेत ओळख-तपासणी व देयकाची चौकट तपशिलाने आहे, पण हवेच्या वाटणीचे काम ज्याचे त्याच्यावर सोपविले आहे.

पुन्हा नाव पुकारणे

२०१३ मध्ये आयईईईने दाट वस्तीतील वाय-फायचा विचार करण्यासाठी स्वतंत्र अभ्यासगट नेमला. केवळ कमाल गती न पाहता गर्दीतील सरासरी वापरकर्त्याला काय मिळते हे पाहावयाचे, असा त्याचा रोख होता. त्यातून निघालेले ८०२.११ एएक्स हे मानक २०२१ मध्ये संमत झाले. व्यवहारात त्याला वाय-फाय ६ म्हणतात. यात ॲक्सेस पॉइंट एकाच वेळी वाहिनीचे लहान लहान भाग पाडून अनेक उपकरणांना वाटून देतो, आणि कोणी केव्हा बोलावे हे पुकारून सांगतो. १९९७ मध्ये कागदावरच राहिलेला वर्गशिक्षक अशा रीतीने सुमारे पाव शतकाने वर्गात आला. शेजारच्या जाळ्याचे बोलणे ओळखून त्याकडे मर्यादित दुर्लक्ष करता यावे म्हणून प्रत्येक जाळ्याला एक ‘रंग’ देण्याचीही सोय आहे. चाळीत राहिलेल्या माणसाला ही युक्ती नवी वाटू नये. मात्र जुने फोन नाव पुकारलेले ऐकत नाहीत, ते आपल्या जुन्याच पद्धतीने मध्येच बोलतात. ज्या सभागृहात दोन्ही पिढ्यांची उपकरणे आहेत, तेथे नवी शिस्त जुन्या सौजन्याच्या आधाराने चालते.

एप्रिल २०२० मध्ये एफसीसीने ६ गिगाहर्ट्झचा १,२०० मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा वाय-फायसाठी खुला केला. भारतात त्याच पट्ट्याचा खालचा, ५०० मेगाहर्ट्झचा भाग परवानामुक्त करण्यासंबंधीचे मसुदा-नियम मे २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने प्रसिद्ध केले. या पट्ट्यात १, ६ आणि ११ यांची जुनी टंचाई नाही, आणि १ मेगाबिटने दवंडी पिटणारी जुनी उपकरणेही तेथे येऊ शकत नाहीत. मॉस्कोनी केंद्रातील ती ५७० केंद्रे या पट्ट्यात असती तर त्यांच्या दवंड्यांनी हवा इतकी भरली नसती. पण तेथेही सर्व केंद्रे प्रत्येकाने स्वतःपुरतीच आणलेली असती, आणि त्यांच्यात पाळी लावणारा कोणी नसता.